केशरच्या गाण्यातून पुसलेले जाते

दिनांक १४ मार्च १९९९, रविवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझा भाचा लक्ष्मण याने बेळगावच्या दुकानातून करून आणलेली सीडी माझ्या ओसरीवर लावली आणि म्हणाला, "आत्या, कचरा सगळा साफ करून घेतलाय." हे मृत्युपत्र त्या क्षणी ठरले.

मी, अनुसया भिकाजी मिराशी, वय ६७, निवृत्त नर्स, राहणार कुंभारवाडा, तालुका जोयडा, पूर्ण शुद्धीवर आहे. रक्तदाब आज मीच मोजला; थोडा चढा आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. कान शाबूत आहेत. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी लिहीत नाही. मला नर्सिंग शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनाही माझ्याकडून सांगेल तसे लिहून घेणे जमले नव्हते.

१. दिग्गी गावची केशर वेळीप बावीस वर्षे माझ्यासोबत बाळंतपणांना रान तुडवत आली. १९७४ साली लोकगीते जमवणारी मंडळी आली, तेव्हा ती नुसती बसून गाईना. "दळण न्हाई तर गाणं कुठनं येणार?" शेवटी त्यांनी नाचणी आणली, माइक जात्यापाशी ठेवला. त्याची रेकॉर्ड निघाली. केशरला मिळालेली प्रत ग्रामोफोनमुळे माझ्याकडे राहिली. केशर आता नाही. ती रेकॉर्ड माझी नसून तिची मुलगी पारू हिची आहे. सीडी करायला लक्ष्मणच्या हाती दिली, ही चूक माझी.

२. दुकानदाराने जात्याची घरघर खरखर समजून पुसली. रेकॉर्डवर केशर मूठभर दाणे घालायला थांबते, ते ऐकू येते. सीडीवर ती उगाच थांबते. पारू ऐकून म्हणाली, "बाई, आई ओवी इसरली व्हय? ती कधी इसरत न्हवती." लक्ष्मण म्हणाला, "डिजिटल आहे, शंभर वर्षं टिकेल." मी विचारले, "काय टिकेल? तिचं विसरणं?"

३. माझ्या इतर अकरा रेकॉर्डांच्या सीडी उत्तम झाल्या, हे प्रामाणिकपणे लिहिते. तिथे धूळच होती. मी पस्तीस वर्षे जखमा धुतल्या आहेत. घाण कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते ते बघून कापूस फिरवायचा असतो. त्या रेकॉर्डा आणि सगळ्या सीडी लक्ष्मणास. त्याला दोन्ही सारख्याच वाटतात.

४. ग्रामोफोन व नव्या सुया पारूस. कात्र्या व ट्रे गावात येणाऱ्या पुढच्या नर्सला; उकळल्याशिवाय वापरू नयेत.

५. हे घर व मागची सुपारीची बाग स्वकष्टार्जित आहे आणि लक्ष्मणला द्यायचे ठरले होते. परंतु "आता तिचा काय उपयोग" म्हणून त्याने केशरची रेकॉर्ड दुकानातच ठेवली. तिथे ती भिंतीवर शोभेला खिळ्यावर लटकते आहे. ती धड अवस्थेत पारूच्या हाती न आल्यास घर व सुपारी पारूची. भाऊबंदांनी हरकत घेऊ नये. माझ्या आजारपणात त्यांना कुंभारवाड्याची बस सापडली नव्हती.

६. ही प्रत लक्ष्मणला रजिस्टर पोस्टाने जात आहे. जात्याचा आवाज पुसण्याआधी पारूला का विचारले नाही आणि रेकॉर्ड कोणत्या दिवशी आणणार, याचे लेखी उत्तर ३० एप्रिल १९९९, सायंकाळी पाचपूर्वी माझ्या हाती पडावे. फोनवर निरोप चालणार नाही. उत्तर पारूच्या नावे लिहावे. मी तिला वाचून दाखवीन.

सही: अनुसया भिकाजी मिराशी
साक्षीदार: १. परशू नागू गावडा २. गोपाळ विठ्ठल देसाई
कुंभारवाडा, ४ एप्रिल १९९९