बाहेर बसलेल्या बाईची परवानगी

ता. ३ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि. मी ठीक आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

फोनवर तू बरं बरं करून विषय गुंडाळतेस, म्हणून लिहितेय. हर्नियाच्या माणसाला भूल देताना मला त्याच्या सासूला विचारावं लागत नाही. पण कळा सोसणाऱ्या बाईला त्या कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन द्यायचं, तर नर्स आधी बाहेर बसलेल्या सासूला विचारते. आमच्या मोठ्या डॉक्टरांची तशी शिस्तच आहे. सासू नाही म्हणते, आतली किंचाळते आणि मी एवढं शिकून हात चोळत उभी. भांडले तर ते म्हणतात, तुमचं राज्य आलं की बदला.

वहिनी पुढच्या आठवड्यात आमच्या हॉस्पिटलातच बाळंत होणार. तिला इंजेक्शन हवंय, तिनं मला बजावून सांगितलंय. मी दुसऱ्या ऑपरेशनला अडकले तर माझ्या जोडीची डॉक्टर देईल. बाहेर तू असशील. फक्त हो म्हण. दादावर सोपवू नकोस, सुईचं नाव काढलं तरी तो मटकन खाली बसतो.

लोभ आहेच, या वेळी तो जरा कामी येऊ दे.
तुझी ठकी

ता. १४ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. नात गुटगुटीत आहे, नाक आपल्याकडचं.

तू बोलत नाहीस, ते बरोबरच आहे. तू ऑपरेशनमध्ये होतीस, नर्सने मला विचारलं. हो म्हणायचं ठरवूनच घरून निघाले होते गं. पण आत सून ओरडत होती आणि मला दया यायची सोडून रागच आला. तुझ्या वेळी मी दोन दिवस तळमळले, पाणी हवं का एवढंही कुणी विचारलं नाही. हिची मात्र सगळ्यांना काळजी. नाही म्हणून मोकळी झाले. विहीणबाईंना सांगितलं, त्या इंजेक्शननं जन्माची पाठ धरते. तसं काही नसतं, हे तूच मला कितीदा सांगितलंयस.

सून माझ्याशी कामापुरतं बोलते. तू ये, तिला समजाव. तू डॉक्टर, तुझं ऐकेल.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी आई

ता. १९ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि. तावातावानं चार पानं लिहिली होती, ती फाडली. तुला कुणी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण त्याची भरपाई वहिनीकडून कशी गं घेतलीस?

आता बाई तपासणीला येते तेव्हाच मी तिला स्वतः विचारून ठेवते. कालची एक तशी आधीच हो म्हणाली होती. कळा सुरू झाल्या आणि नर्स पुन्हा बाहेरच गेली. पहिले पाढे पंचावन्न.

वहिनीला समजवायला मी येणार नाही. माफी तुझी तू माग. आणि बाळाला तिच्या कुशीतून उचलण्याआधी तिला विचार, घेऊ का म्हणून. ती नाही म्हणाली, तर हात मागे घे.

माझा लोभ आहेच. तिचा तुला मिळवावा लागेल.
तुझी ठकी