पट्टी धरणारी

४ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. दोन पेट्या, एक पिशवी आणि आयुष्यातली पहिली पक्की नोकरी, एवढा ऐवज घेऊन सत्तेचाळिसाव्या वर्षी नव्या गावात उतरले. खोली वह्या-पेनांच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की आधी पेटी वर गेली, मग मी. खिडकीतून चर्चची मागची भिंत दिसते, म्हणजे उशिराला सबब सांगायची सोय नाही. ही वही दुकानवाल्या बाईंनीच हातात ठेवली. अकरा महिने रोजनिशी लिहिली नव्हती, पण फुकटची वही आणि कोरी ठेवायची, हे काही मला जमत नाही.

फादर सत्तरीचे, गोलमटोल, आणि डाव्या कानाने ठार बहिरे. ऑर्गन वाजवणारी निवडायला कोण बसवलंय बघा! त्यांनी माझं नाव तीनदा विचारलं, तिन्ही वेळा वेगळं ऐकलं आणि शेवटी 'बाई'वर तडजोड केली.

ऑर्गन मात्र बघूनच पोट भरलं. चर्चच्या मागच्या बाजूला, वर माडीवर आहे. हातांसाठी पट्ट्यांच्या तीन रांगा, पायांसाठी खाली लाकडी पट्ट्यांची एक, आणि दोन्ही बाजूंना बेचाळीस खुंट्या. एकेक खुंटी ओढली की एकेका जातीच्या नळ्या बोलायला लागतात. सगळ्यात मोठी नळी दोन मजली घराएवढी, सगळ्यात धाकटी माझ्या करंगळीएवढी. मोटर सुरू केली की भात्यात हवा भरते आणि अख्खी माडी झोपेतून उठल्यासारखी सुस्कारा टाकते. बाकाच्या उजव्या हाताला, नळ्यांच्या आत जायला, एक बुटकं दार आहे. आत शिडी, फळ्या आणि अंधार. आत गेले नाही. घाई काय आहे.

७ फेब्रुवारी

दोन मार्चला चर्चला शंभर वर्षं होतात. त्यासाठी फादरांनी एक हस्तलिखित रचना दिली. तीस वर्षांपूर्वी इथे जे वादक होते त्यांनी लिहिलेली. पानं अकरा, पण वाजवणाऱ्याला हात चार हवेत. पाचव्या पानावर उजव्या हाताची बोटं वरच्या रांगेवर आणि अंगठा खालच्या रांगेवर. दोन्ही पायांना वेगवेगळी कामं. शेवटच्या चार पानांत डावा पाय सगळ्यात खालचा सूर धरून बसतो आणि बाकी सगळं त्याच्यावर चढत जातं. मग वरचं सगळं थांबतं आणि तो एकटा सूर उरतो. त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलंय, 'आतून सांगितल्याशिवाय सोडू नये.'

फादर म्हणाले, ते गृहस्थ जरा कवी होते. त्यांनी ती एकदाच वाजवली. माझ्या आधीच्या बाईंनी तीन आठवडे सराव केला आणि राजीनामा देऊन गेल्या. मी म्हटलं, मी वाजवते. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पेन्सिलीची ती ओळ मात्र मी दोनदा वाचली. ते वाक्य ताईचं आहे.

१० फेब्रुवारी

सराव दुपारी दोन ते चार. पहिली तीन पानं बसली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथलं अंगण खरंच वाकडं आहे. पायांच्या पट्ट्यांवर बोलणारी, पितळी जिभांची एक रांग साफ बेसूर आहे. बाराच्या बारा नळ्या. शेवटचा सूर त्यातलाच.

सूर लावायला दोन माणसं लागतात. एक आत नळ्यांजवळ, एक बाहेर पट्टी धरून. आतला माणूस जिभेच्या तारेवर टकटक करत सूर आणतो आणि ओरडतो, 'पुढचा'. मग बाहेरच्याने बोट उचलून पुढची पट्टी धरायची. ताई आणि मी वीस वर्षं हे काम केलं. ती आत, मी बाहेर. तिचा नियम एकच होता, मी म्हटल्याशिवाय बोट उचलायचं नाही आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. अधूनमधून तिचाच आवाज यायचा, "किती वेळ झाला गं?" घड्याळ ती कधी घालायची नाही.

गेल्या मार्चमध्ये ताई ऑर्गनच्या आतच गेली. हृदय बंद पडलं.

फादरांना सांगितलं, कारागीर बोलवा. ते म्हणाले, तो एप्रिलनंतरच मिळेल.

१२ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन आला. दर बुधवारी करतात. जेवलीस का, खोलीत ऊन येतं का. ताई गेल्यावरही मेहुणीची अशी चौकशी करणारा माणूस विरळा. मला ते फार जड जातं.

नवी वही आहे, तर एकदा लिहूनच टाकते. त्या दिवशी ताई आत होती, मी बाहेर. सकाळीच आमचं वाजलं होतं. कुणीतरी विचारलं, ही कोण? ताई सहज म्हणाली, ही माझी पट्टी धरणारी. मी ऑर्गन वाजवते, लोक ऐकायला येतात, आणि मी पट्टी धरणारी! ठीक आहे म्हटलं. धरते. खालचा जाड सूर होता. एका मिनिटात त्याचे हेलकावे थांबले, सूर लागला. मला ऐकू आलं की लागला. 'पुढचा' आलं नाही. मी हाक मारली नाही. नियम तिचाच ना? बसू दे. डाव्या हाताने पट्टी धरून उजव्या हाताने रोजनिशी लिहिली. त्या वहीत अजून आहे, 'ताईचा सूर आज संपता संपत नाही. कान तिखट झालेत बाईचे.'

बावीस मिनिटं. मग मी आत गेले.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या पाच-सात मिनिटांत कळलं असतं तर. मी सगळ्यांना पाच मिनिटं सांगितलं. भाऊजींनाही.

१५ फेब्रुवारी

सहा पानं झाली. अंगठ्याची जागा अजून अडते.

आज एक गंमत. त्या बेसूर रांगेतली सगळ्यात वरची नळी सुरात आहे. काल नव्हती. हवेने पितळ आखडतं-सैलावतं, तसं झालं असेल.

१६ फेब्रुवारी

दुसरी नळीही सुरात.

झाडलोट करणाऱ्या मावशी जिन्यात भेटल्या. तुमच्या जोडीदारीण आतून कधी बाहेर येतात, म्हणून विचारत होत्या. दार बंद करायचं राहतं म्हणे. मी म्हटलं, मी एकटीच असते. त्या म्हणाल्या, मग टकटक कोण करतं? मी हसले. घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.

१८ फेब्रुवारी

पाच नळ्या सुरात आल्या. कधी एक, कधी दोन, वरून खाली, क्रमाने. हवा असं क्रमाने काम करत नाही.

आज आठव्या पानावर अडले, बोट एका पट्टीवर तसंच राहिलं. आतून आवाज आला. मोठा नाही. कामात असलेल्या माणसाचा असतो तसा.

"पुढचा."

मी बोट उचललं. वीस वर्षांची सवय. उचलल्यावर कळलं काय केलं ते. मोटर बंद केली आणि बाकावर बसून रडले. भीतीने नाही. अकरा महिने मी तो एक शब्द ऐकायला आसुसले होते.

२१ फेब्रुवारी

आत जाऊन आले. ताईची बॅटरी माझ्या पिशवीत असते, ती घेऊन. शिडी, मग फळी, दोन्ही बाजूंना नळ्या. कुणी नाही. धूळ बोटभर, माझ्याच पावलांचे ठसे. फळीच्या टोकाला, मोठ्या नळीपाशी, एक पुरुषी चष्मा. त्याच्या काचेवर मात्र धूळ नव्हती.

मावशींना दाखवला. त्या पाटावर बसल्यासारख्या पायरीवर बसल्या. मग सांगितलं. ती रचना लिहिणाऱ्या मास्तरांचा मुलगा वारला होता. त्याच वर्षी त्यांनी ती वाजवली. लोक उठून गेले तरी तो एक सूर चालूच. दुपार झाली. शेवटी कुणीतरी वर गेलं तर बाकावर कुणी नाही आणि सूर चालू. मोटर बंद करावी लागली. मास्तर गाव सोडून गेले असं सगळे म्हणतात. चष्मा विसरून?

मावशींनी एवढंच सांगितलं, बाई, तुम्ही दुसरं काहीतरी वाजवा.

२३ फेब्रुवारी

दुसरं काहीतरी वाजवायला हवं. फादरांना सांगायला गेले. त्यांनी उजवा कान पुढे केला आणि मी म्हणाले, तयारी छान चालली आहे.

मला थांबायचं नाहीये. हे लिहायला लाज वाटते. सगळं वाजवून शेवटच्या सुरापर्यंत गेले, तर ताई तिथे असेल. तिला मला एक सांगायचंय.

आठ नळ्या सुरात.

२४ फेब्रुवारी

आज नवव्या पानावर. आतून —

"किती वेळ झाला गं?"

पिशवी तिथेच टाकून पळाले.

२६ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. म्हटलं, भाऊजी, त्या दिवशी. ते म्हणाले, नको गं, तू होतीस जवळ एवढं पुरे आहे मला. पाच मिनिटांत तू आत गेलीस. दुसरं कोण गेलं असतं.

खाई त्याला खवखवे. फोन ठेवला आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

अकरा नळ्या सुरात. एक उरली. सगळ्यात खालची.

२८ फेब्रुवारी

जेवण जात नाही. अंगठा बसला. अकरा पानं बसली. शेवटचा सूर फक्त धरून बघितला नाही. वाजवते, आणि त्याच्या आधीच थांबते.

आता ताई रोज विचारते. एकदाच. चिडून नाही. तसंच, कामात असताना विचारायची तसं.

१ मार्च

बसची चौकशी केली. सकाळी सहाला एक आहे.

जाणार नाही. गेल्या वेळी बसून राहिले, तेव्हा ती आत होती. आता उठून गेले, तरी ती आतच आहे.

२ मार्च

झालं. अकरा पानं. एक चूक, सहाव्यावर, कुणाला कळली नसेल.

डावा पाय पट्टीवर आहे. हात मोकळे, म्हणून लिहिते. खाली लोक उठले. फादरांनी खालून हात केला, त्यांना वाटतंय, असंच असतं. सगळे जेवायला गेले. मावशी दाराशी उभ्या होत्या. गेल्या.

सूर हेलकावे खातोय. आतून टकटक. हेलकावे मंद — आणखी मंद —

लागला. स्वच्छ. तसाच, त्या दिवशीसारखा.

'पुढचा' येत नाही.

सात मिनिटं.

पाय उचलणार नाही. हाक मारू? या वेळी मारते. मारली. ताई. ताई.

"किती वेळ झाला गं?"

सांगितलं. मोठ्याने सांगितलं. बावीस मिनिटं, ताई. सूर लागलेला मला कळला होता. मी रुसले होते.

मग बाकाच्या उजवीकडून, अगदी कानाशी —

"बरं. आता तू आत जा. मी धरते. तू म्हणेपर्यंत सोडणार नाही."

पाय उचलला. सूर थांबला नाही.

पट्टी खाली दबलेली आहे. बाक माझ्या शेजारी जरासा कलला आहे. बघत नाही तिकडे. वही घेतली, बॅटरी घेतली.

—

आत आहे. फळीवर, मोठ्या नळीपाशी. ताई बसायची तशी. दार मागे लागलं, मी लावलं नाही.

सूर चालू. एवढा जवळ की दात हलतात. शुद्ध आहे. पट्टी तिनेच धरली आहे. थोडी जोरात दाबते, सवय नाही ना तिला.

आता मी म्हणायचं. एकच शब्द. म्हटलं की ती पट्टी सोडेल. म्हटलं की ती जाईल —

म्हणत नाही अजून. जरा वेळ. ती आहे तोवर.

छातीत जड. डाव्या बाजूला. तिलाही असंच —

बॅटरी मंद झाली. किती वेळ झाला? ती विचारत नाही. हाक मारत नाही. मी तरी कुठे मारली होती.

म्हणते आता. तोंड उघडते आहे — या सुरापुढे माझाच आवाज मला — ताई, म्हणतेय गं, ऐकू येतंय का, मी म्हणतेय, पु