बावीस कुप्यांचं कपाट

सोमवार, ३ तारीख

आधी उठून गॅस बंद केलायस का ते बघून ये, मग वाचायला बस. मी थांबते. तुझ्या हातून आजवर जेवढं दूध उतू गेलंय तेवढ्यात एखादं गाव न्हाऊन निघालं असतं. आणि चष्मा शोधू नकोस, डोक्यावर आहे.

मी सुखरूप पोचले. तू दिलेला फोन तुझ्याच फळीवर राहिला. त्याला विसरणं म्हणू नकोस, तो मला आवडत नाही म्हणून राहिला. त्याच्याऐवजी ही वही. माझं आणि अक्षरांचं कधी जमलं नाही, म्हणून मी बोलते आणि इथली चिठ्ठ्या लिहिणारी बाई लिहून घेते. महिना भरला की वही पोस्टाने तुझ्याकडे येईल. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, असं तिला बजावलंय. ती म्हणाली, तुम्ही मधूनमधून श्वास घेतलात तर जमेल.

घर दुमजली. खाली काम, वर राहणं. जिना लाकडी, पायऱ्या माझ्यासारख्याच कुरकुरणाऱ्या. माझ्या खोलीला एक खिडकी, गादी बरी, उशी म्हणजे धोंडा. मालकीणबाई तुला आठवत असतील, नसतीलही. तुझ्या शिवणाच्या दुकानात शाल रफू करायला आल्या होत्या त्या. मी लांबूनच वास घेऊन सांगितलं होतं की ही शाल धुरात, घोड्याजवळ आणि कुणा आजाऱ्याच्या उशाशी राहून आली आहे. तू मला डोळे वटारलेस, त्यांनी नोकरी दिली.

त्या भविष्य बघायच्या पत्त्यांवरून अत्तरं करतात. टॅरो म्हणतात त्या पत्त्यांना. त्यात बावीस मोठे पत्ते, प्रत्येकाचं एक तेल. मी एकेक कुपी हुंगायची आणि मनात येईल ते सांगायचं. लिहिणारी ते चिठ्ठीवर उतरवते, चिठ्ठी कुपीच्या गळ्यात बांधतात. गिऱ्हाईक म्हणे तेलाआधी चिठ्ठी वाचतं. कुपीवर पत्त्याचं नुसतं नाव असतं, चित्र नाही. नाव वाचता आलं की नाक नावाचं ऐकायला लागतं, म्हणून त्यांना न शिकलेलंच माणूस हवं होतं. जन्मभर ज्यासाठी टोमणे खाल्ले, त्याचीच कुणाला गरज पडली बघ.

मंगळवार, ४ तारीख

आज पहिली कुपी. मालकीणबाईंनी बूच काढलं, काचेच्या काडीने एक थेंब माझ्या मनगटावर लावला आणि म्हणाल्या, घाई नाही. आधी आलं, मग चघळलेलं गवत, मग तापलेलं डांबर. आणि पोरी, तोंड आपोआप सुटलं. मी माझ्या मोठ्या भावाच्या पाठकुळी बसलेली, तो पुलाच्या कठड्यावरून तोल सांभाळत चाललेला, आणि माझा एक बूट खाली पाण्यात पडला तेव्हा दोघंही इतके हसलो की त्याचा पाय घसरता घसरता राहिला. त्याच्या घामाचा वास, केसांतल्या तेलाचा वास, सगळं सांगितलं. नंतर त्यांनी नाव सांगितलं. मूर्ख. पहिला पत्ता म्हणे, कड्याच्या टोकावर चालणारा माणूस. भाऊ असता तर म्हणाला असता, बरोबर ओळखलं.

गंमत अशी की माझं सांगून झाल्यावर तेलाला धार आली. मघाशी वास नुसता होता, आता तो जिवंत झाला. मी नाक फुगवून घेतलं. लिहिणारीला काहीच कळलं नाही. तिचं नाक लहानपणीच्या तापात गेलंय. मी म्हटलं, अत्तराच्या घरात तू म्हणजे गाण्याच्या घरातली बहिरी. ती हसली नाही.

गुरुवार, ६ तारीख

आज तू निघालीस कुपीतून.

केशर, कढत पाण्यात उकळलेलं कापड, दाताने तोडलेला दोरा, आणि तळाशी ऊन पडलेल्या भिंतीचा वास. तू जन्मलीस ती सकाळ. सुईण उशिरा आली आणि वर मलाच म्हणाली, घाई काय होती. तुझ्या डाव्या कानामागे लाल डाग, डाळिंबाच्या दाण्याएवढा. तू रडायच्या आधी शिंकलीस. तेव्हाच मी म्हटलं, नाक माझं घेतलंय. हे सगळं सांगताना मालकीणबाईंचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, जणू त्या घास चावत होत्या. पत्ता सूर्य निघाला.

लिहिणारीने मला जिन्यात गाठून विचारलं, सगळं सांगितलंत का? थोडं हातचं ठेवलंत ना? मी म्हटलं, मी काय दुकानदार आहे.

वरच्या गॅलरीत एक म्हातारे बसतात. मी त्यांना मौनीबाबा म्हणते. चेहरा गोड, हसू कायम. लिहिणारी त्यांना भरवते, पण घास तोंडात गेला की थांबतात. गिळा, असं सांगावं लागतं. मग गिळतात.

रविवार, ९ तारीख

आणखी तीन कुप्या झाल्या. जादूगार, तारा, मनोरा. मनोऱ्यात जळक्या लाकडाचा आणि ओल्या चुन्याचा वास होता. मी काय सांगितलं ते आता नीटसं ध्यानात नाही, पण चिठ्ठी लांबलचक झाली.

आज लिहिणारीशी माझं वाजलं. ती सहज म्हणाली, तुमचा भाऊ मोठा धाडसी हो. मी म्हटलं, कोणाचा भाऊ? मी एकटी वाढले, पाठचं नाही, पुढचं नाही. तिने पानं उलटून मला वाचून दाखवलं. पूल, बूट, पाठकुळी. छान लिहिलं होतं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची चिठ्ठी माझ्या वहीत चिकटवू नकोस. तिने पेन खाली ठेवलं.

मंगळवार, ११ तारीख

आज मीच तिला म्हटलं, पहिल्या पानापासून वाच.

तिने वाचलं. दूध उतू घालवणारी कुणी मुलगी, तिचं शिवणाचं दुकान. मला हसू आलं. मग सुईण, शिंक, कानामागचा डाग. मी विचारलं, ही मुलगी कोणाची?

ती म्हणाली, "आजी, तुमचीच. तिच्यासाठीच तर लिहितोय आपण हे."

मी डोळे मिटून तुझा चेहरा शोधला. दुकान दिसतं, कात्री दिसते, कात्रीमागचे हातसुद्धा दिसतात. हातांच्या वर काही नाही. तुला तू म्हणतेय ते वहीत तसं आहे म्हणून.

मग तिने सांगितलं. मौनीबाबा माझ्या आधी इथे हुंगायला होते. माळी. त्यांनाही अक्षर येत नव्हतं. बावीसच्या बावीस मन लावून सांगितल्या त्यांनी. त्या कुप्या विकल्या गेल्या. आताच्या नव्या. तिला वाटलं होतं, म्हातारपणाने विसरत गेले असतील.

मी तशीच खाली गेले. मालकीणबाई तेल गाळत होत्या. मी ओरडणार होते, पण आवाज विचारण्याचा निघाला, माझं सांगितलेलं कुठे हरवतं? त्यांनी काही नाकारलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हरवलं कुठे? कुपीत जसंच्या तसं आहे. तुमच्यापेक्षा ते तिथे जास्त टिकेल."

बुधवार, १२ तारीख

लिहिणारी म्हणते, आत्ता चला, मी तुम्हाला मुलीच्या दारापर्यंत सोडते. पत्ता वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. दरवाजाला कुलूप नाही, अडवणारं कुणी नाही.

पण तुझ्या दारात उभी राहून तुलाच विचारू, आपण कोण? तू तर लगेच चहा टाकशील, माझ्याकडे बघशील, आणि मला कळेल की तू बघतेयस. ते मला सोसायचं नाही. तू जिच्यात आहेस ती सूर्याची कुपी हातात घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही. कुपी शुक्रवारी सकाळी गिऱ्हाइकाकडे जाणार. कपाटाची किल्ली मालकीणबाईंच्या कमरेला. लिहिणारी म्हणाली, उद्या माझी सुट्टी, शुक्रवारी उजाडताच येते, गिऱ्हाइकासाठी कपाट उघडलं की नाव वाचून बरोब्बर तीच कुपी काढते, तोवर तुम्ही काही हुंगू नका. कापूस नाकात घालून बसा.

बसते म्हटलं.

शुक्रवार, १४ तारीख

ही लिहिणारी विचारते, काल काय झालं ते नीट सांगा. सांगते.

काल दुपारी मालकीणबाई डबे घेऊन पोस्टात गेल्या. जाताना कपाट उघडंच राहिलं. विसरल्या असं मला वाटलं. आता वाटतं, त्या विसरणाऱ्यांतल्या नाहीत.

मी जिना उतरले. बावीस कुप्या, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या. काहींच्या गळ्यात चिठ्ठ्या, त्यांवर मुंग्यांच्या रांगा. माझ्याच बोलण्याच्या मुंग्या, आणि मला त्यांतली एक ओळखता येईना. सूर्य कसा लिहितात? गोल असेल म्हणून गोल अक्षर शोधलं. सगळीकडे गोल अक्षरं होती.

उद्यापर्यंत थांबायचं होतं. ही येणार होती. पण मला वाटलं, नाक आहे की माझ्याकडे. ते कधी चुकलंय?

कापूस काढला. पहिलं बूच उघडलं.

वास आला की तोंड सुटतं. खोलीत कुणी नव्हतं, तरी मी सांगत होते. लग्नाचं सांगितलं, असं वाटतं. कुणी एक पुरुष पाणी मागत होता, त्याचं सांगितलं. एक कुपी, दोन, सात — मग मोजणं थांबलं. मोजता येत होतं का मला?

एक फार सुरेख होती. केशर, उकळलेलं कापड, ऊन पडलेली भिंत. कुणाचं तरी तान्हं बाळ, कानामागे लाल डाग, आणि ते रडायच्या आधी शिंकलं. मला इतकं हसू आलं. म्हटलं, नशीबवान कुणी आई आहे. हळूच बूच लावलं, जागेवर ठेवली. आणि माझी शोधायला पुढची उघडली.

ही रडतेय. का ते सांगत नाही.

शुक्रवारच, दुपार

ती कुपी गेली म्हणते. सकाळीच, हिच्या आधी माणूस येऊन घेऊन गेला. कुठली कुपी? विचारलं तर ही वही वाचून दाखवते. ऐकायला गोड वाटतं. गोष्ट चांगली आहे. त्यातली म्हातारी जरा तोंडाळ —

शनिवार

गॅलरीत ऊन येतं. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसतात. हसतात. मीही हसते. कशाला, ते —

मालकीणबाई वर आल्या. मनगट पुढे करा म्हणाल्या. हिने मध्ये हात घातला. मोठा आवाज झाला. थेंब सांडला फरशीवर. कशाचाच वास आला नाही मला. मालकीणबाईंनी वाकून माझ्या तोंडाशी नाक आणलं, हुंगलं, आणि म्हणाल्या, संपलं. मग खाली गेल्या.

काय संपलं, ते हिला विचारलं. ही सामान बांधतेय. माझं की तिचं —

रविवार

घास तोंडात ठेवला होता. ही म्हणाली, गिळा. तेव्हा कळलं की तसं करायचं असतं.

ही म्हणते, शेवटचं बोला, वही मी स्वतः घेऊन जाते, तिला इथे घेऊन येते. तिला, म्हणजे ज्यांना ही वही आहे त्यांना. नमस्कार. आपली ओळख नाही. आपल्याला आई आहे असं ही सांगते, आणि त्या फार बोलतात, असंही. इथे मला जेवण आवडतं की नाही ते समजत नाही. काय आवडायचं, ते आठवत नाही. तेव्हा एक उपकार करा. येताना डब्यात काहीतरी आणा. आपल्या आईला जे आवडतं तेच आणा, मऊ असेल असं, आणि भरवताना माझ्या जवळ बसून सांगा की आता गि —