बडं प्रस्थ

३ मे ९८
सोसायटीची मीटिंग. ठरलं की नानाशेठचा सत्कार करायचा. पाण्याचे टँकर त्यांचे, नळाची जोडणीही त्यांच्याच शब्दावर. अध्यक्ष सावे म्हणाले, "मानपत्र टीचर लिहितील." मी शाळेत मराठी शिकवते, हा माझा गुन्हा.

६ मे
लिहिलं. 'गिरीजच्या वाडीतून वर आलेले, आज तालुक्यातलं बडं प्रस्थ.' ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "प्रस्थ? टोमणा वाटतो गं." ह्यांना सगळंच टोमणा वाटतं. छापायला दिलं.

९ मे
सत्कार. मानपत्र वाचताना सावे 'प्रस्थ' म्हणाले आणि मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. नानाशेठ हसले नाहीत. शाल-नारळ घेऊन उठले. पाण्याबद्दल अवाक्षर नाही.

११ मे
आजचा टँकर आलाच नाही. जिन्यात शिंदेबाई, हातात रिकामी कळशी : "टीचर, दुसरा शब्द नव्हता?"
शब्दकोश काढला. प्रस्थ : धान्य मोजायचं जुनं माप. मग बडेजाव, स्तोम. मग वजनदार माणूस. मापाचा माणूस कसा झाला ते दिलेलं नाही.

१२ मे
नानाशेठ घरी! एकटेच. मानपत्र फ्रेमसकट काखेत.
"बाई, पोरगी म्हनते मोठा मानूस. भाऊ म्हनतो शिवी हाय. खरं काय?"
खोटं बोलवेना. कोश पुढे केला. त्यांनी बोट ठेवून वाचलं.
"माप? केवढं?"
"लहानसंच असावं."
मग म्हणाले, "माजी आय दुसऱ्याच्या खल्यावर भात मापाची. माप भरला का वरून हात फिरवाची. वरचं सगलं खाली." आणि मोठ्याने हसले. मलाही हसू आलं, भीतभीत.
मग एकदम : "लोक पाठीमागं मना काय बोलतात?"
माझ्या तोंडून गेलंच. "धेंड. बडं धेंड."
"त्याचा अर्थ?"
"बघून सांगते."
"बघा. रविवारी येतो."
दारात धीर करून विचारलं, "शेठ, पाणी?"
"पानी येल."

१३ मे
सकाळीच टँकर. सावे स्वतःहून नमस्कार म्हणाले, शिंदेबाईंनी आंबोळ्या पाठवल्या.
कोशात 'धेंड' सापडलं. पहिला अर्थ बरा नाही. दुसरा त्याहून वाईट. ह्यांना म्हटलं, रविवारी तुम्ही सांगा. हे पिशवी घेऊन भाजीला निघून गेले. घरात दोन भोपळे असताना.