दोष खटक्याचा

१२ ऑगस्ट, शनिवार

ठरलं. यंदा नॉर्बर्टच्या ओकच्या झाडावर मी बसणार. तो गेल्यापासून दोन वर्षं ती शिडी आणि वरची बसायची फळी रिकामी आहे. आता माझे दीर डेलमर यांना एकाएकी आठवलं की त्यांच्या जावयाला हरणाच्या शिकारीसाठी जागा हवी आहे. जावई ट्रेंट. शेजारच्या राज्यातला, इलिनॉयचा. विस्कॉन्सिनच्या जंगलात, माझ्या नवऱ्याच्या झाडावर, इलिनॉयचा माणूस!

डेलमर म्हणे, वहिनी, नियम तो नियम. शिकारीचा सीझन उघडायच्या आदल्या संध्याकाळी जंगलातल्या आमच्या कँपवर जेवायची कागदी प्लेट लावायची, वीस यार्डांवरून चार बाण मारायचे, तीन आत गेले पाहिजेत. नाही गेले तर झाड नाही, स्वयंपाकघर. नियम नॉर्बर्टनेच घातलेला. एकदा अर्धवट लागलेलं हरीण सापडलं नाही तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. म्हणून मी गप्प बसले. डेलमरचा नियम असता तर बसले नसते.

१४ ऑगस्ट, सोमवार

मागच्या अंगणात सराव. वीस बाण. प्लेटमध्ये दोन. बाकीचे आसपास.

धनुष्य उत्तम. बाण उत्तम. माझी तब्येत उत्तम. उरला रिलीज. तो नॉर्बर्टचा जुना, मनगटाला पट्ट्याने बांधायचा. हुक दोरीत अडकवून ओढायचं आणि तर्जनीने खटका दाबायचा. हा नुसता हात लागला तरी सुटतो. उतावळ्या वस्तूंचा मला तिटकारा आहे. माणसांचाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार

मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. सराव नाही. (मिस्सा पाऊण तासाचा. पण सण तो सण.)

१८ ऑगस्ट, शुक्रवार

एल्डनच्या धनुष्यांच्या दुकानात गेले. त्याने दुकानामागच्या गल्लीत मला सहा बाण मारायला लावले आणि सहाही वेळा चेहरा कसनुसा केला. म्हणे, विनिफ्रेडबाई, तुम्ही खटका दाबत नाही, ठोकता. मी सांगितलं, एकतीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेत, एकही पुसट उठला नाही. तो म्हणे, तेच म्हणतोय मी.

त्याचं मत, शिकारीला मनगटाचाच बरा. बांधलेला असतो, हातमोज्यातही चालतो, आयत्या वेळी शोधावा लागत नाही. फक्त बोट हळू आवळायचं. मी म्हटलं, मी खरेदीला आलेय, पापनिवेदनाला नाही. अंगठ्याचं बटण असलेला घेतला. तो मुठीत धरायचा असतो. दिसायला भारदस्त.

२२ ऑगस्ट, मंगळवार

शिडीवर चढून सराव. भारदस्त रिलीज घामट मुठीतून निसटून खाली खाजऱ्या पाल्यात पडला. चाळीस मिनिटं शोधला. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

जाऊबाई, म्हणजे डेलमरची अर्लीन, झुकिनीचा ब्रेड घेऊन नेमकी तेव्हाच उगवली. मला चार पायांवर बघून म्हणाली, अगं, कशाला हा उपद्व्याप? एकोणतीस वर्षं मी कँपवर रांधतेय, माझं काही अडलंय का? आत निदान खुर्ची आहे.

ब्रेड ओलसर होता. तसं सांगितलं.

२८ ऑगस्ट, सोमवार

एल्डनकडे पुन्हा. सर्वात वरच्या दर्जाचा दाखव म्हटलं. त्याने बिजागरीचा दाखवला. याला खटकाच नाही! ओढून धरायचं, पाठ आवळत राहायचं, मूठ कणभर फिरली की आपोआप सुटतो. नक्की केव्हा, ते कळत नाही. बाण सुटल्याचं आपलं आपल्यालाच आश्चर्य वाटलं पाहिजे, असं एल्डन फार भक्तिभावाने म्हणाला. मी नन्सच्या हाताखाली बारा वर्षं काढली आहेत. मला आश्चर्य वाटायचं कधीच थांबलं.

आधी आठवडाभर धनुष्याऐवजी सुतळीच्या फासावर सराव करा म्हणाला. हे नवशिक्यांसाठी असावं.

२९ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ

आश्चर्य वाटलं.

दोरी अर्ध्यावर असतानाच सुटली. मूठ थेट तोंडावर. बाण शेजाऱ्यांच्या मक्यात.

२९ ऑगस्ट, दुपार

वरचा ओठ डोनटसारखा. सूप स्ट्रॉने प्यायले.

१ सप्टेंबर, शुक्रवार

ओठ उतरला समजून चर्चच्या शुक्रवारच्या मासळी-जेवणाला, फिश फ्रायला गेले. डेलमर भरल्या हॉलमध्ये ओरडले, वहिनी, हरणाने आधीच गाठलं की काय? सगळे हसले. फादरसुद्धा. मी कोलस्लॉची वाटी डेलमरच्या पुढ्यातून उचलली आणि परत दिली नाही.

३ सप्टेंबर, रविवार

शास्त्रशुद्ध निवड. कागदावर रकाने आखले: पकड, आवाज, थंडी, हरवण्याची शक्यता, स्वभाव. बिजागरीवाल्याला स्वभावात शून्य. अंगठेवाला हरवण्यात बाद. मनगटाचाच जिंकला, पण नवीन, बकलाचा, खटका घट्ट असलेला. एल्डन म्हणाला, हेच मी अठरा तारखेला सांगितलं होतं. सांगितलं असेल. पुराव्यानिशी सांगितलं नव्हतं.

९ सप्टेंबर, शनिवार

दहापैकी आठ प्लेटमध्ये! दोष खटक्याचाच होता. (दहा यार्डांवरून. पण हवा तीच, प्लेट तीच.)

डेलमर दारात आले होते. फार आडवळणाने म्हणाले, वहिनी, क्रॉसबो का घेत नाही? ओढून धरायची कटकट नाही, आता आपल्या वयाला… वाक्य त्यांनी बंद दाराला पुरं केलं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार, सायंकाळ

कँप. परीक्षा झाली. वस्तुस्थिती जशीच्या तशी लिहिते.

पहिला बाण प्लेटमध्ये, मधोमध. इथेच थांबवायला हवं होतं. दुसरा गवताच्या भाऱ्यात. तिसऱ्याला वारा. अर्लीन म्हणाली, वारा कुठला? तिच्या हातातल्या कांद्याचं एक सालही हललं नाही, हे खरं. चौथा लाकडांच्या ढिगात, इतका खोल गेला की काढताना डेलमरला पाय रोवावा लागला.

मी म्हटलं, दोष खटक्याचा आहे. डेलमरने माझ्या मनगटावरून पट्टा सोडवला, स्वतःच्या हाताला बांधला, स्वतःचं धनुष्य उचललं. चारही आत. एका बशीत मावतील इतके जवळ.

ट्रेंटचेही चार. वर तो पोरगा म्हणतो, काकू, झाडावर तुम्हीच बसा, मी पलीकडे कुठेतरी बसेन. इलिनॉयच्या माणसाकडून दया! मी म्हटलं, नियम माझ्या नवऱ्याचा आहे, तुझा नाही. बस जा.

मग डेलमर एकटेच माझ्यामागे लाकडांपर्यंत आले. आवाज खाली करून म्हणाले, वहिनी, तुम्ही डोळे मिटता. सोडायच्या आधी. दर वेळी. नॉर्बर्टला माहीत होतं. त्याची सांगायची छाती झाली नाही.

साफ खोटं. मी आयुष्यात कशापुढे डोळे मिटले नाहीत. आणि नॉर्बर्ट मला सगळं सांगायचा.

१६ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ७:१०

सगळे पहाटेच जंगलात गेले. ट्रेंट ओकवर. अर्लीन एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा अजून झोपलेली. मी खिम्याची चिली ढवळत होते.

खिडकीबाहेर सफरचंदाच्या झाडाखाली एक हरिणी आली. भरलेली, गुबगुबीत. पंधरा यार्ड. फार तर सोळा. खाली पडलेलं फळ शांतपणे चावत होती, खांदा माझ्याकडे. नॉर्बर्टने अशीच मागितली असती.

मी डाव पातेल्यातून काढला. तो धनुष्यासारखा डाव्या हातात पुढे धरला, उजवा हात गालापाशी आणला. कुणी बघत नव्हतं. श्वास धरला. बोट हळू आवळलं, अगदी एल्डनने सांगितलं होतं तसं.

डोळे मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले.

उघडले तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं.

डावाला खटका नसतो.