संध्याकाळचे व्होल्टेज

२६ नोव्हेंबर ७८. माधवनगर

प्लग काढणारा हात नवऱ्यामुलाच्या मामाचा होता. दुसरे कडवे निम्मे झाले होते. माझे तोंड उघडेच राहिले. हिंदुरावने ड्रम थांबवला नाही. चार ठोके एकटाच वाजवत राहिला, मग थांबला.

मामा : "आवं, वरात हाय का मोर्चा? शिनिमातलं लावा की कायतर."

सिनेमातली वाजवली. सात गाणी. नवरामुलगा नाचला.

आम्ही तिघे एकत्र वाजवायला लागून दीड वर्ष झाले. आमचे स्वतःचे एकही गाणे लोकांसमोर शेवटपर्यंत गेलेले नाही. दोनदा प्लग, एकदा वीज, एकदा अध्यक्षांचे भाषण. आज पुन्हा प्लग.

२८ नोव्हेंबर

सकाळी कॉलेजात तीन तास. अलंकार शिकवले. शिकवताना कंटाळा लपवता आला नाही.

संध्याकाळी सुकुमारच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तालीम. सु. जैन. दिवे लागायच्या आत जेवून घेतो, मग येतो. म्हणून तालीम साडेसहाला, कायम. तेव्हा मिल चालू, घरोघरी दिवे लागलेले, त्यामुळे दुकानातला बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा. त्या उजेडात सु.ने बनवलेला डबा. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, आत ट्रान्झिस्टर, वर दारावरच्या घंटीची तेरा बटणे. बटण दाबले की सूर. पेटीसारखा गोड नाही. भोंग्यासारखा. पुढे विजेच्या खांबावरची पाटी ठोकलेली : धोका. कवटीसकट. तेच आमच्या बँडचे नाव.

प्रत्येक बटणाचा सूर त्याने माझ्या आवाजाला जुळवला. "सर, आ करा." मी आ केला की तो मोजून जोड द्यायचा आणि कथलाचा डाग देऊन पक्का करायचा. सूर वरखाली करायची किल्ली ठेवली नाही. विचारले तर म्हणाला, "हलवायचाच न्हाई, तर किल्ली कशाला?"

५ डिसेंबर

मावसभावाने जहाजावरून पाठवलेली कॅसेट पुन्हा ऐकली. तीन सूर, आरडाओरडा, दोन मिनिटांत गाणे खलास. पत्रात लिहिले होते, तिकडे याला पंक म्हणतात. हिं.ने पहिल्यांदा ऐकली तेव्हा विचारले होते, "ही माणसं कुणावर चिडल्यात?" मी कॅसेट पहिल्यापासून लावली. 

नवे गाणे झाले.

भोंगा झाला, उठलो.
भोंगा झाला, गेलो.
भोंगा झाला, आलो.
भोंगा होईना, बसलो.

'बसलो' लांबवायचे, श्वास संपेपर्यंत. मग डब्याने एकट्याने ओरडायचे. हिं.चे तीन ठोके. बस.

सु. : "बसलो म्हंजे मिल बंद पडली का?"
हो म्हणालो.
"मग बरोबर हाय."

१४ डिसेंबर

हिं. उशिरा आला. तो मिलिटरीच्या बँडमध्ये पंधरा वर्षे ड्रम वाजवून आलेला. आता पेन्शन, बुधगावला ऊस. पुण्याच्या कुठल्या तरी कारखान्यात सिक्युरिटीचा जमादार म्हणून बोलावणे आले आहे. एक फेब्रुवारीपासून.

"घरात लय बोलत्यात, सर. म्हंत्यात, मिल्ट्रीत वाजवलंस ते समजलं. हे कुणासाठी वाजवतूस?"

तालीम झाली नाही. चहा झाला.

२ जानेवारी ७९

साताऱ्याहून जोशीचे पत्र. एम.ए.ला बरोबर होता, आता तिथल्या कॉलेजात. स्नेहसंमेलन २८ तारखेला. आम्हाला दुपारी तीनची वेळ, वीस मिनिटे. 'तुमचीच गाणी वाजवा. प्लग कोणी काढणार नाही. प्लगपाशी मी स्वतः उभा राहतो.'

हिं.ला वाचून दाखवले. तो ड्रमच्या काठीचे टोक नखाने कोरत बसला.

"एक गाणं. एक जरी शेवटापातुर गेलं, तर पुण्याला न्हाई म्हणून कळवतो. न्हाई तर एक तारखेला निघालो."

सु. : "लेका, आमाला अट घालतूस व्हय?"
"मग? मिल्ट्रीतला माणूस हाय. एक हुकूम पायजे, हिकडं न्हाई तर तिकडं."

१३ जानेवारी

हिं. आज दुपारी संक्रांतीच्या बाजाराला आला होता. दुकानात डोकावला. सु. पोस्टात गेलेला, म्हणून सहज डबा लावून बघितला. संध्याकाळी सांगत होता, "दुपारचा डबा लय चिडल्याला. वर चढला हुता."

सु. : "उनातनं आलतास तू. तूच चढला असशील."

मीही हसलो. तालीम उत्तम झाली.

२७ जानेवारी

चार गाणी घड्याळ लावून. सतरा मिनिटे. सु.ने चिंच लावून पाटी घासली. कवटी चकचकीत.

'बसलो' मला आता पुरता धरता येतो. श्वास उरतो.

२८ जानेवारी, रविवार

ड्रम एसटीच्या टपावर, डबा सु.च्या मांडीवर. कंडक्टर कराडपर्यंत बजावत होता, "तेल सांडलं तर उतरवीन हं." सु. प्रत्येक वेळी झाकण ठोकून दाखवायचा.

हॉल भरलेला. जोशी खरोखरच प्लगपाशी, हाताची घडी घालून. देवळाच्या द्वारपालासारखा.

सु.ने डबा लावला. वरचा बारका दिवा पांढरा शुभ्र लागला. आमच्याकडे तो कायम पिवळा. तेव्हाच कळायला हवे होते.

पहिला सूर आला तो आमचा नव्हता. बराच वर. मी माझ्या सवयीच्या जागी सुरुवात केली, डबा दुसरीकडेच. मुले हसली. सु.ने खालची बटणे चाचपली, पण मिळणारा सूर प्रत्येक वेळी आमच्या दोन सुरांच्या मध्ये कुठे तरी पडे. मग मी वर गेलो. 'गेलो'ला आवाज चिरला. 'आलो'ला मागून कोणी तरी कोंबड्यासारखे ओरडले. जोशी तिकडे बघून डोळे वटारत होता. हिं. वाजवत होता. मैदानावर वाजवावे तसा, सरळ समोर बघत.

'भोंगा होईना' म्हणालो. 'बसलो' म्हटलेच नाही. माईकपासून मागे झालो आणि हाताने खूण केली : बंद.

दोघांनी बंद केले नाही. जिथे माझा श्वास संपायचा तिथपर्यंत हिं.ने ताल धरला. सु.ने भोंगा दिला. तीन ठोके. मग शिट्ट्या. कसल्या, ते समजले नाही. सु. पुढच्या गाण्याला बोट ठेवून माझ्याकडे बघत होता. नको म्हणालो. जोशीने आपणहून प्लग काढला.

परतीची एसटी. उंब्रजच्या आसपास ऊन उतरायला लागले, तशी सु.ने भाकरीचे फडके सोडले. दोन घास खाल्ले.

"चूक माझी हाय, सर. आपली तालीम कायम दिवेलागणीला. तवा आपल्यात एकशे ऐंशी व्होल्ट. हितं भर दुपारी दोनशे तीस. जसं व्होल्टेज, तसा डबा चढतो. तुमचा आ मी संध्याकाळच्या विजेत धरला."
मी म्हणालो, "दिवसा एकदा लावून बघायला हवा होता."
हिं. : "लावल्याला की. सांगितलं न्हवं?"

कराड गेले. शेवटी मीच विचारले, "गाणं शेवटापर्यंत गेलं, असं धरायचं का?"

हिं. : "गाणं गेलं, सर. तुमी न्हाई गेलासा."

बरेच पुढे गेल्यावर म्हणाला, "त्या मामानं प्लग काढला, तवा मी चार ठोके जास्तीचं हाणलं. ध्यानात हाय का?"

आहे. तारखेसकट लिहिलेले आहे.

तो बुधगावच्या फाट्यावर उतरला. पुण्याचे काय, ते तसेच राहिले. सु.ने खिडकीतून ओरडून सांगितले, उद्यापासनं तालीम सकाळी सातला. त्याने ऐकले की नाही, कोण जाणे.

२९ जानेवारी

सकाळी सातला सु.ने दुकान उघडले. मीटर लावला : दोनशे अठ्ठावीस. वरच्या सुरात चारही ओळी म्हटल्या. 'बसलो' धरला, आवाज चिरला, तरी सोडला नाही. भोंगा झाला. तीन ठोक्यांची जागा रिकामी ठेवली. बुधगावची एसटी येऊन गेली. हिं. तिच्यात नव्हता. ड्रम कोपऱ्यात आहे. काठ्या त्याने काल उतरताना बरोबर नेल्या.