गुडघाभर भिंतीचा दावा

नेर, जि. यवतमाळ
फेब्रुवारी २००६

चि. साकेत यास दीनानाथमामाचे आशीर्वाद.

तुझी वकिली आणि तुझं पोट दोन्ही बरं चालत असेल असं धरून चालतो. (पोटाचं तुझी आई कळवत असते.) इकडे मी ठणठणीत, मामीचे गुडघे कुरकुरतात, आणि माझा खटला जिंकल्यात जमा आहे.

हकीकत अशी. आमचे शेजारी जफरभाई मोटारसायकली दुरुस्त करतात, थोडी शेतीही बघतात. यंदा कापसाचा भाव असा पडला, की त्यांनी तो विकायचाच नाही ठरवलं आणि आमच्या दोघांच्या घरांमधल्या सामाईक भिंतीला टेकवून छतापर्यंत कोंबला. भिंत मातीची. ती आमच्या बाजूला पोट काढून उभी राहिली. आता माझा जन्म तहसिलीत गेला, कायदा मला कोणी शिकवू नये. मी देवराव मिस्त्रीला बोलावून भिंत उतरवायला लावली, विटांची बांधायची म्हणून. जफरभाईंना तेवढं सांगायचं राहिलं. (सांगणार होतो, पण आमचं बोलणं बंद होतं. कारण हीच भिंत.)

ते तडक कोर्टात गेले. मनाई हुकूम आला तेव्हा भिंत गुडघ्याएवढी उरली होती. हुकूम 'जैसे थे'चा. देवरावनं थापी पुसली. म्हणाला, "बांधली तं मी फसतो, पाडली तं बी मीच फसतो," आणि घरी गेला.

तेव्हापासून त्यांची मधली खोली आणि आमची मधली खोली एकच आहे. कापूस घसरून आमच्या दिवाणावर आला. मी त्याला हात लावत नाही, तो पुरावा आहे. (दुपारी त्यावर आडवा होतो, ते केवळ ताबा दाखवायला.) आमची स्पृहा लग्न होऊन उमरखेडला गेल्यापासून मामी दिवसभर रेडिओशी बोलायची. आता सकाळीच भिंतीवर जाऊन बसते. जफरभाईंची बायको शमाभाभी तिच्या गुडघ्यांना तेल चोळते. मी म्हटलं, अगं, ते विरुद्ध पक्षकार आहेत. तर म्हणते, "पक्ष तुमचा, तुम्ही सांभाळा. मले तिच्याकडून शेवया शिकायच्या आहेत."

मध्यंतरी कोर्टाचे कमिशनर पाहणीला आले. त्यांना चहा आमच्याकडून मिळाला, शेवया त्यांच्याकडून. दोन्ही संपवून त्यांनी अहवालात लिहिलं, की हद्द आढळून आली नाही. हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. माझी बाजू मीच मांडतो, आणि संध्याकाळी जफरभाईंनाही समजावून सांगतो, कारण त्यांच्या वकिलाला ती नीट समजलेली दिसत नाही.

तेव्हा काळजी नसावी. निकाल माझ्या मनासारखाच लागणार.

तुझा,
दीनानाथमामा

ता. क. — एक किरकोळ काम. शुक्रवारी जफरभाई म्हणाले, "भाऊ, मी केस वापस घेऊन राह्यलो. गलती माझीच व्हती. बांधा तुमची भिंत." मामी त्या दिवशी जेवली नाही. दावा काढून घेतला की मनाई उठते, आणि मनाई उठली की मला भिंत बांधावी लागते. तरी तू लगेच ये, जफरभाईंचं वकीलपत्र घे, आणि त्यांची बाजू किती भक्कम आहे ते त्यांना पटवून दे.

ता. क. २ — जफरभाई बाजारात चालले होते म्हणून हे पत्र पेटीत टाकायला त्यांच्याकडे दिलं, तर त्यांनी ते इथेच उभं राहून वाचलं. सांगतात, वकीलपत्रावर सही तयार आहे, फक्त तारीख लांबची माग. शुक्रवारपासून शमाभाभी त्यांच्याशी बोलत नाही.